नवऱ्याचं काय करायचं?

सुमन कशी मेली हे ठरवायला दिनानाथ टिपणिसाला एक रविवार पुरला. मेल्यावर तिची हडळ झाली, हे ओघानेच आलं. मग तिने सासूला पाण्याच्या पिंपात बुडवलं, तेव्हा तर दिनानाथचं पेन असं सुटलं की शेजारचा चहा निवून त्यावर साय धरली तरी त्याला पत्ता नव्हता. अडलं ते शेवटच्या पानावर. हडळ नवऱ्यासमोर उभी. केस मोकळे, पाय उलटे, सगळं यथासांग. आणि आता या नवऱ्याचं काय करायचं, ते काही केल्या सुचेना.

तुम्ही म्हणाल, हडळीच्या गोष्टीत एवढा विचार कसला? मुंडी मुरगाळावी आणि मोकळं व्हावं. पण तुम्ही श्यामसुंदर कुडाळकरांना भेटलेले नाही. हे गिरगावातले प्रकाशक. आजवर व्रतांची आणि लोणच्यांची पुस्तकं छापून सुखाने जगत होते. पोरं इंग्रजी कॉमिकांवर पैसे उधळतात हे बघून त्यांना ‘चेटूक चित्रमाला’ काढायची सुरसुरी आली. पहिली गोष्ट दिनानाथची. “टिपणीस, भूत पाहिजे, रक्त पाहिजे, आणि संस्कारही पाहिजेत,” ते म्हणाले होते. “मोठ्यांनी चोरून वाचावं आणि पोरांना उघड देता यावं, असं लिहा.” असं लिहिणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि दिनानाथने विचारलं नाही. छापील पानावर आपलं नाव दिसणार, एवढ्यावरच तो विरघळला होता.

सुमनची गोष्ट साधी होती. सासूच्या बोलण्याला विटून ती गच्चीवर गेली, कठड्यावर चढली, नवरा तिच्या मागेच उभा होता, आणि ती पडली. ढकललं कुणी नाही. धरलंही कुणी नाही. आता अशा माणसाला हडळीने मारावं की सोडावं? त्याने गुन्हा केला म्हणावं तर हात हलवला नाही. आणि गुन्हा केला नाही म्हणावं, तरी तेच. हात हलवला नाही.

दिनानाथ तसा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायनांच्या कंपनीत डिस्पॅचमध्ये पाळीने कामाला होता. पिंपं मोजायचा आणि स्वप्नं बघायचा. यांतलं पहिलं काम त्याच्या हातून कधीकधी चुकायचं, दुसरं कधीच नाही. त्यात राहायला वाशीत. तेव्हाची वाशी म्हणजे अर्धी नकाशात आणि अर्धी चिखलात. रस्ते होते, पण त्यांना जायला कुठे नव्हतं. खांबांवर दिवे होते आणि त्यांच्याखाली म्हशी बसायच्या. दुपारी खाडीवरून वारा सुटला की समोरच्या अर्धवट इमारतींच्या रिकाम्या खिडक्यांतून हुंऽऽ असा आवाज यायचा. दिनानाथ गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत रेलायचा, आणि त्याला त्या खिडक्यांतून साड्यांचे पदर हलताना दिसायचे. सुख, सुख म्हणतात ते हेच, असं त्याला वाटायचं.

या सुखात एक बारीकशी गोष्ट घरात चालली होती. त्याच्या बायकोला, नंदिनीला, सेक्टरातल्या नव्या शाळेत विज्ञान शिकवायला बोलावलं होतं. मुख्याध्यापिका स्वतः घरी येऊन सांगून गेल्या होत्या, आणि आठवड्याभरात काय ते कळवा म्हणाल्या होत्या. लग्नाआधी बी.एस्सी. झालेली ही बाई इतकी वर्षं फक्त दुधाचं दही करून विज्ञान जिवंत ठेवत होती. तिचा चेहरा त्या दिवशी असा उजळला की बघत राहावं. पण बघत होत्या त्या मालतीबाई, दिनानाथच्या आई. त्या म्हणाल्या, “मग माझा दुपारचा चहा?” नंदिनीने नवऱ्याकडे पाहिलं. दिनानाथ तेव्हा हडळीचे केस कमरेपर्यंत घ्यावेत की गुडघ्यापर्यंत, या विवंचनेत होता. तो म्हणाला, “बघू.”

दोन दिवसांनी तिने परत विचारलं, “अहो, शाळेचं काय करायचं?”

“बघू गं,” दिनानाथ म्हणाला. कारण त्या दिवशी वामन येणार होता.

वामन हा चित्रकार. सानपाडा गावातला. नव्या शहरासाठी जमिनी गेल्यावर घरात आलेल्या पैशातून भावांनी ट्रक घेतला आणि हा चित्रकला शिकून आला, त्यामुळे घरात त्याचं आणि ट्रकचं कधी पटलं नाही. स्वभावाने पक्का अहंकारी. समोर माणूस बसल्याशिवाय आपण तोंड काढत नाही, असं त्याने आल्याआल्या सांगून टाकलं. आता हडळ म्हणून बसायला कोण येणार? घरात जे होते ते बसले. मालतीबाई सासू म्हणून बसल्या, त्याही नथ घालून. दिनानाथ नवरा म्हणून बसला. आणि सुमनसाठी नंदिनी भाजी निवडता निवडता बसली. वामनने तिला केस सोडायला सांगितले तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मी मरते कितव्या पानावर?”

पानं वाळवायची जागा म्हणजे गॅलरीतली कपड्यांची दोरी. एका चिमट्याला बनियन, पुढच्या चिमट्याला हडळ. सोसायटीतल्या लोकांनी आधी खालून पाहिलं, मग जिन्यातून डोकावलं, आणि शेवटी सरळ दार वाजवून आत येऊन वाचायला सुरुवात केली. वाचून गप्प बसले असते तर ती माणसं कसली?

पहिले आले सेक्रेटरी नामदेवराव, साताऱ्याकडचे. त्यांनी सगळी पानं हात मागे बांधून वाचली, जशी काही परेडच आहे. “नवऱ्याला सोडून द्या,” ते म्हणाले. “त्या गड्याची काय चूक? सकाळी कामावर जातोय, पगार आणून देतोय. बायकांच्या भांडणात त्यानं का पडावं?”

“भांडान खयचा?” वरच्या मजल्यावरच्या वेणूबाई मालवणच्या. त्या भाजीची पिशवी घेऊनच आत आल्या होत्या. “घोवाक सोडू नको हां, टिपणीस. सासवेन केला ता केला. पन ह्यो मेलो मागे उभो रवान काय करी होतो? हवा खाय होतो?”

“वहिनी, तो बिचारा गोंधळला असेल,” दिनानाथ म्हणाला.

“गोंधळलो तर हात पुढे येता माणसाचो. मागे नाय जात.”

मग हडळीवरूनच जुंपली. नामदेवरावांचं म्हणणं, सवाशीण मेली म्हणजे ती जखीण, हडळ नव्हेच. जखिणीची ओटी भरायची, हिरवी साडी ठेवायची, की ती खूष. वेणूबाई उसळल्या. म्हणाल्या, जितेपणी पोरीला फाटकं नेसवायचं आणि मेल्यावर हिरवी साडी, ही कुठची रीत? नामदेवरावांच्या घरी अशी एक साडी दर वर्षी ठेवत असावेत, कारण ते जाताना चप्पल उलटी घालून गेले.

मालतीबाईंची तक्रार निराळीच. आपण मरतो याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. उलट पिंपातलं चित्र त्यांनी दोन वेळा चष्मा पुसून पाहिलं आणि नथ छान आल्येय म्हणाल्या. “पण दिनू, तिने माझ्या मुलाला हात लावला तर याद राख,” त्यांनी बजावलं. “मी पिंपातून वर येईन.”

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण एका दुपारी वारा जोराचा आला आणि गच्चीवरून पडण्याचं पान चिमट्यातून सुटून उडालं. वामनने इमारत काढली होती ती आपलीच, हुबेहूब, दारावरच्या ‘सुखनिवास सहकारी गृहनिर्माण संस्था (नियोजित)’ या पाटीसकट. ते पान कुणाला सापडलं, त्याने कुणाला दाखवलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी होती, की सुखनिवासमधून एक बाई पडली आणि सोसायटीवाल्यांनी दाबून टाकलं.

नामदेवरावांच्या तोंडचं पाणी पळालं. संस्था अजून नियोजित होती. नोंदणीचे कागद सरकारदरबारी कुठल्या तरी टेबलावर पडून होते, आणि अशा वेळी आवारात एक अनधिकृत मयत म्हणजे सगळंच बसलं. त्यांनी फळ्यावर खडूने लिहिलं, ‘संस्थेच्या इमारतीत, गच्चीत अथवा जिन्यात भूत ठेवण्यास समितीची परवानगी आवश्यक आहे.’ खाली सही. समितीत ते एकटेच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार आला. दार नंदिनीने उघडलं. केस नुकतेच धुतलेले, मोकळे.

“टिपणीस हितंच राहत्यात का? अपघाती मृत्यूची खबर हाय,” हवालदार म्हणाला. हातात ते उडालेलं पान होतं. त्याने पानाकडे पाहिलं. मग नंदिनीकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे पाहिलं, आणि ते सरळ आहेत अशी खात्री झाल्यावर टोपी काढून कपाळ पुसलं. “बाई, ह्या चित्रातल्या तुमीच न्हवं?”

“मीच.”

“पण तुमी तर जित्या हाय.”

“अजून तरी आहे,” नंदिनी म्हणाली.

हवालदाराने चहा घेतला, सगळी पानं क्रमाने वाचली आणि शेवटचं पान कुठंय म्हणून दिनानाथवरच खेकसला. झालं नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. निघताना तो दाराशी घुटमळला. “नवऱ्याचं काय करनार?” त्याने हळूच विचारलं. “न्हाई, आपलं सहज. घरी मंडळी इचारंल.” दिनानाथची मान शरमेने खाली गेली होती. त्याची अब्रू पोलिसात गेली होती, आणि पोलिसालाही पुढचा अंक हवा होता.

दार लागल्यावर त्याने रागारागाने सगळं खापर वामनवर फोडलं. इमारत हुबेहूब काढायला कुणी सांगितलं होतं? वामनने शांतपणे ब्रश धुतला.

“टिपनीससाहेब, माझी चूक काढू नका. तुमचीच चूक हाय. ह्यो तुमचा नवरा आख्खे गोष्टीन एकच शबुद बोलतो. फुगं एवढंएवढं काढून कंटालो मी.”

“कुठला शब्द?”

“आता तुमीच वाचा ना. तुमीच लिवलाय.”

दिनानाथ दोरीजवळ गेला. सुमन म्हणते, मला माहेरी जाऊन येऊ द्या. नवऱ्याच्या तोंडाजवळ इवलासा फुगा: बघू. सुमन म्हणते, आईंना काहीतरी सांगा हो. फुगा: बघू. सुमन गच्चीवर. फुगा: बघू. आणि प्रत्येक फुग्याला लागून दिनानाथचं स्वतःचं नाक, मोठं, वामनने जराही लहान न केलेलं. त्याने मागे वळून पाहिलं. नंदिनी वाटाणे सोलत बसली होती आणि तिने हे कधीच वाचलेलं होतं, हे तिच्या मानेवरून कळत होतं.

रविवारी दुपारी सगळीकडे सामसूम होती. मालतीबाई आत घोरत होत्या. दिनानाथ खुर्चीत पडला होता, आणि समोरच्या रिकाम्या खिडक्या नेहमीसारख्या श्वास घेत होत्या. खाडीवर ऊन असं पसरलं होतं की पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते ठरवता येऊ नये. डोळा लागला की नाही कुणास ठाऊक. गॅलरीच्या कठड्यावर ती बसलेली होती. उलटे पाय हलवत होती. मांडीत वाटाण्याच्या शेंगा.

“आलीस का?” दिनानाथ म्हणाला. त्याला भीती वाटली नाही. स्वतःच लिहिलेली बाई, तिची कसली भीती?

“शेवटचं पान कधी होणार?” तिने विचारलं. चेहरा नंदिनीचा, पण आवाज दूरचा, पाण्यावरून आल्यासारखा.

“तेच विचारायचं होतं तुला. मारू का त्याला?”

ती शेंग सोलत राहिली.

“की क्षमा करायची? तू म्हणशील तसं. तुझ्यावर आहे सगळं. तो चांगला आहे गं मनाने. त्याला कळत होतं, फक्त… बोल ना. तुला काय हवंय?”

तिने वर पाहिलं. अगदी शांतपणे, दुधाचा हिशेब सांगावा तशी म्हणाली, “बघू.”

आणि कठड्यावरून खाली उतरली. पलीकडच्या बाजूला.

दिनानाथ ओरडत उठला. हात पुढे करूनच उठला, त्यामुळे तो दोरीत अडकला आणि तीन हडळी, एक सासू आणि एक पंचा घेऊन जमिनीवर आपटला. तसाच धडपडत तो स्वयंपाकघरात गेला. नंदिनी ओट्याशी उभी होती. साक्षात. तिच्या पायाखाली जमीन होती. दिनानाथला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

“नंदिनी, तू शाळेत जा,” तो म्हणाला. “उद्यापासून जा. आईला मी सांगतो. मी ठरवलंय.”

नंदिनीने त्याच्या डोक्यावरचा पंचा काढला. “मी शुक्रवारीच होकार देऊन आले,” ती म्हणाली. “उद्याच जायचंय. साडीला खळसुद्धा घातली.”

दिनानाथचा सगळा आवेश जागच्या जागी बसला. एवढा मोठा निर्णय आयुष्यात पहिल्यांदा घेतला, आणि तो घ्यायच्या आधीच झालेला! “मला न विचारता?”

“दोनदा विचारलं.”

तो पाटावर बसला. मग जे बोलायचं नव्हतं तेच बाहेर आलं. “नंदिनी, मला भीती वाटते. तू माझ्याशिवाय जगायला शिकशील.”

ती त्याच्यासमोर बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “ते मी कधीच शिकले हो. विचारत होते, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून.”

शेवटचं पान त्या संध्याकाळी झालं. नवरा म्हणतो, मला भीती वाटते. हडळ त्याला हात लावत नाही. नंदिनी जे बोलली ते, त्यातला एक शब्द न बदलता, बोलते आणि दार उघडून निघून जाते. वामनने ते वाचलं आणि फुगा मोठा काढला.

पानं घेऊन दिनानाथ रजा टाकून गिरगावात गेला. श्यामसुंदर कुडाळकर वाचत गेले आणि खूष होत गेले. पडलेली सुमन पाहून म्हणाले, वा. पिंपातली सासू पाहून म्हणाले, वा वा, अजून थोडं रक्त चालेल. शेवटचं पान आलं आणि ते थांबले. चष्मा काढला. आतल्या घरात त्यांची बायको कुणाशी तरी बोलत होती, तिच्या आवाजाकडे त्यांनी एकदा कान दिला.

“हे वाक्य काढा, टिपणीस.”

“का?”

“अहो, हे घराघरांत जाणार! पोरं वाचणार, बायका वाचणार. इतकं भयंकर छापता येत नाही. हडळीला त्याचा गळा दाबू दे. नाहीतर त्याला माफ करू दे आणि खाली ‘समाप्त’ लिहा. रक्त कितीही असू दे, माझी ना नाही. पण हे नको.” ते पुढे वाकले. “तुमचं नाव मुखपृष्ठावर टाकतो. लाल अक्षरांत. घरी जाऊन विचार करा, सावकाश सांगा.”

मुखपृष्ठावर! लाल अक्षरांत! दिनानाथला ते नाव क्षणभर दिसलंही. आणि जिभेवर तो जुना, सोयीचा शब्द आपणहून येऊन बसला. त्याने तो गिळला. गिळताना घशाला लागला.

“नाही,” तो म्हणाला. “विचार झालाय. वाक्य निघणार नाही.”

कुडाळकरांनी पानं परत केली. म्हणजे नाव गेलं, चित्रमाला गेली, आणि वामनला काय सांगायचं हा प्रश्न उरला. पुलावरून बस येत असताना दिनानाथला खाली खाडी दिसली. भरती होती आणि पाणी दुधासारखं पांढरं होतं. त्याला हलकं वाटत होतं आणि रडावंसंही वाटत होतं.

घरी पोचला तेव्हा नंदिनी नुकतीच शाळेतून आली होती. बोटांना खडू लागलेला, आणि चेहरा तो उजळलेला, त्या दिवशीचा. मालतीबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. “नंदिनी, उद्या जरा लवकर ये हो,” त्या म्हणाल्या. “भजनातल्या जाईबाई यायच्या आहेत दुपारी. चहा लागेल.”

नंदिनीने उत्तरासाठी तोंड उघडलं. तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही; ती सवय तिने मोडली होती.

“आई, ती लवकर येणार नाही,” दिनानाथ म्हणाला. “तिला शाळा आहे. उद्या माझी रात्रपाळी आहे. चहा मी करीन.”

झोपाळा थांबला. मालतीबाई मुलाकडे बघत राहिल्या. “तू?” त्या म्हणाल्या. “तुला येतो?”

“नाही. शिकव.”

मालतीबाई उठल्या. त्यांनी दिनानाथच्या कपाळाला हात लावला, डोळ्यांची पापणी वर करून बुबुळं बघितली. मग हादरलेल्या आवाजात म्हणाल्या, “तरी मी सांगत होते, त्या हडळीची चित्रं घरात टांगू नका. बोलतोय कसा बघ! हा माझा दिनू नाहीच. याला काहीतरी लागलंय.” आणि तशाच लगबगीने आत जाऊन मूठभर मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन बाहेर आल्या.

दिनानाथ मुकाट्याने पाटावर बसला. मालतीबाई पुटपुटत मूठ त्याच्या डोक्यावरून उतरवू लागल्या. एवढ्यात नंदिनी पुढे झाली आणि तिने सासूचा हात वरच्यावर धरला.

“आई, राहू द्या,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. “उतरवू नका.”